शंका कोठे विचारावी?

२०२० च्या मार्चअखेर टाळेबंदीचा हुकूम निघून महाविद्यालयांचे वर्ग एकाएकी बंद झाले, तेव्हा ठिकठिकाणच्या महाविद्यालयांनी आपल्या विद्यार्थ्यांकडून तातडीने काही माहिती मागविली. घरात स्मार्टफोन आहे काय, असल्यास तो स्वतःचा की वडिलांचा, गावात नेटवर्क कितपत मिळते, महिन्याला किती डेटा परवडतो, असे ते प्रश्न होते. आणि ज्या घाईत तो सारा कारभार चालला होता ती ध्यानात घेता एवढी विचारपूस झाली हेच पुष्कळ म्हटले पाहिजे. परंतु त्या तक्त्यांमध्ये एक रकाना सहसा आढळत नसे. शिकविलेले समजले नाही तर ते कोणाला, कोणत्या मार्गाने आणि दिवसाच्या कोणत्या प्रहरी विचारणे तुला सोयीचे जाईल, हे विद्यार्थ्याला कोणी पुसले नाही. व्याख्यान त्याच्यापर्यंत कसे पोहोचेल याची चिंता सर्वांनी वाहिली; त्याची शंका व्याख्यात्यापर्यंत कशी पोहोचेल हा प्रश्न मात्र आपोआप सुटेल असे गृहीत धरले गेले. तो तेव्हा सुटला नाही, आणि माझ्या मते आजही सुटलेला नाही.

टाळेबंदी उठली, वर्ग पूर्ववत भरू लागले, तेव्हा हा विषय आता इतिहासजमा झाला असे कोणी म्हणेल, तर वस्तुस्थिती तशी नाही. केंद्र सरकारने 'स्वयम्' हे ऑनलाइन अभ्यासक्रमांचे दालन ९ जुलै २०१७ रोजी उघडले. विद्यापीठ अनुदान आयोगाने मुक्त, दूरस्थ आणि ऑनलाइन शिक्षणाचे विनियम २०२० मध्ये प्रसृत केले, आणि पुढील वर्षी एखाद्या सत्रात शिकविल्या जाणाऱ्या एकूण विषयांपैकी शेकडा ४० पर्यंत विषय 'स्वयम्'वरून पुरे करू देण्याची मुभा विद्यापीठांना दिली. पालघरच्या महाविद्यालयात रीतसर नाव दाखल असलेला विद्यार्थीसुद्धा, यापुढे, आपल्या अभ्यासाचा मोठा हिस्सा अशा अध्यापकाकडून शिकू शकेल की ज्याला तो कधी भेटणार नाही. याखेरीज तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर काम करीत मुंबई विद्यापीठाच्या दूरशिक्षणातून किंवा नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून पदवी घेऊ पाहणारी मंडळी आहेतच. या सर्वांच्या बाबतीत, अध्यापकाशी बोलण्याचा कोणता मार्ग त्यांना रुचतो आणि तो का रुचतो, हे जाणून घेणे ही अध्यापनशास्त्रातील किरकोळ बाब राहिलेली नाही.

हा विचार कोठल्यातरी एका ठिकाणी उभे राहून करावा लागतो, म्हणून मी दांडी हे गाव डोळ्यांसमोर ठेवतो. तारापूरच्या अणुविद्युत केंद्राच्या आसपास, उच्छेळी, नवापूर, आलेवाडी अशा गावांच्या सोबतीने समुद्रकाठी वसलेले हे मच्छीमारांचे गाव. पूर्वेस काही मैलांवर बोईसरचे रेल्वेस्थानक आणि त्याच्या भोवती पसरलेले कारखाने. १९६९ मध्ये देशातले पहिले अणुविद्युत केंद्र याच किनाऱ्यावर कार्यान्वित झाले, त्यामागून औद्योगिक वसाहत आली, २०१३ पासून चर्चगेटहून निघालेली लोकल गाडी डहाणूपर्यंत जाऊ लागली आणि २०१४ च्या १ ऑगस्टला पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला. इतके सारे होऊनही येथल्या महाविद्यालयीन मुलाच्या दिवसाची आखणी जी दोन वेळापत्रके करतात त्यांपैकी एकही महाविद्यालयाने छापलेले नसते. त्यांतले एक कारखान्याचे, तीन पाळ्यांचे; आणि दुसरे समुद्राचे.

या दुसऱ्या वेळापत्रकाविषयी थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण शहरातील अभ्यासक्रम-मंडळांवर बसणाऱ्या विद्वानांच्या ते सहसा गावी नसते. भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या आणि पौर्णिमेच्या सुमारास उधाण येते, पाण्याला ओढ असते, आणि बोंबील, जवळा यांच्यासाठी डोलीची जाळी लावणाऱ्यांचे खरे काम त्या ओढीवर अवलंबून असते. अष्टमीच्या आगेमागे भांगाचे पाणी असते, ओढ मंदावते आणि कामाची निकड कमी होते. होडी किनाऱ्याला लागली की मासळी निवडणे, वाहून नेणे, बोंबील बांबूंच्या मांडवावर टांगणे, विक्रीसाठी वाटे करणे ही कामे त्याच घटकेला करावी लागतात, आणि त्यांतील बराच भाग घरातील स्त्रियांच्या वाट्याला येतो. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असलेली मुलगी अशा घरात असेल, तर सकाळी दहा वाजताचे थेट व्याख्यान तिला आज साधेल, चार दिवसांनी साधणार नाही आणि आठवड्याने पुन्हा साधेल. या अनियमिततेला हजेरीपटावर एकच खूण असते, ती गैरहजेरीची. मग अशा मुलीने थेट वर्गापेक्षा ध्वनिमुद्रित व्याख्यान पसंत केले, आणि शंका त्या क्षणी न विचारता रात्री सवडीने लिहून पाठविणे पसंत केले, तर तो तिच्या अभ्यासातील शैथिल्याचा पुरावा मानणे हा तिच्यावर उघड अन्याय आहे. रात्रपाळी करून सकाळी घरी येणाऱ्या तिच्या भावाचीही स्थिती, समुद्राच्या जागी यंत्र ठेवले, की हीच असते.

दूर असलेल्या विद्यार्थ्याला शिकविण्याची कल्पना नवी नाही. इंग्लंडात स्वस्त टपालाची सोय झाली त्याच वर्षी, म्हणजे १८४० मध्ये, आयझॅक पिटमन यांनी लघुलेखनाचे धडे टपालाने पाठविण्यास आरंभ केला. विद्यार्थी ते गिरवून परत पाठवीत आणि दुरुस्त होऊन ते पुन्हा त्यांच्या हाती येत. माझ्या दृष्टीने त्या प्रयोगाचे सत्त्व या परत येण्यात होते, धडा पाठविण्यात नव्हते. आपल्याकडे दिल्ली विद्यापीठाने १९६२ मध्ये आणि मुंबई विद्यापीठाने १९७१ मध्ये पत्रद्वारा शिक्षण सुरू केले, आणि १९८९ मध्ये राम ताकवले यांच्यासारख्या दूरदर्शी कुलगुरूंच्या नेतृत्वाखाली नाशिकचे मुक्त विद्यापीठ उभे राहिले. या संस्थांनी लक्षावधी माणसांना पदवीचे दार उघडून दिले, हे त्यांचे ऋण कोणीही मान्य करील. तथापि पत्रद्वारा शिक्षणाचा प्रत्यक्ष व्यवहार पाहिला तर असे दिसे की विद्यार्थ्याकडून संस्थेकडे जाणारी पत्रे बहुतांशी दफ्तरी स्वरूपाची असत: ओळखपत्र मिळाले नाही, पुस्तकांचा संच आला नाही, परीक्षा-केंद्र बदलून हवे. ती कारकुनाच्या मेजावर जात आणि तेथून त्यांचा यथावकाश निकाल लागे. अर्थशास्त्रातील अमुक सिद्धांत मला उमगला नाही, तो पुन्हा समजावा, असे पत्र लिहिण्याची चाल पडली नाही, कारण तसे पत्र कोणाच्या नावाने लिहावे आणि उत्तर किती मुदतीत यावे याची तजवीजच त्या रचनेत नव्हती. ऑनलाइन शिक्षणाने टपाल जाऊन विजेच्या वेगाचे साधन आणले. पण ही उणीव वारशाने जशीच्या तशी पुढे आली.

दूरशिक्षणाचे अमेरिकन अभ्यासक मायकेल मूर यांनी असे प्रतिपादन केले आहे की या शिक्षणातले खरे अंतर मैलांचे नसते. शिकविणारा आणि शिकणारा यांच्या समजुतींमध्ये जी पोकळी राहते तेच खरे अंतर होय, आणि ते संवादाने कमी होते. संघटनाशास्त्रातील डॅफ्ट आणि लेंगल यांनी १९८६ मध्ये मांडलेली एक उपपत्तीही या चर्चेत वारंवार आधारासाठी घेतली जाते. आवाज, मुद्रा, हावभाव आणि तत्काळ प्रत्युत्तर ज्या माध्यमात अधिक ते माध्यम अधिक संपन्न, आणि संदिग्ध विषयासाठी संपन्न माध्यम योग्य, असा तिचा आशय. कारखान्यातील वा कचेरीतील व्यवस्थापकांच्या व्यवहाराला ती बरीच लागू पडत असेल. परंतु तिच्यावरून शिक्षणसंस्थांनी असा निष्कर्ष काढला की दृश्य व्याख्यान हे सर्वांत श्रेष्ठ, त्याखाली आवाज आणि सर्वांत कनिष्ठ ते लेखी निरोप. विद्यार्थ्यांची पसंती बहुधा याच्या नेमकी उलट दिसते, आणि तिची कारणे शोधू लागले म्हणजे ध्यानात येते की माध्यमाची संपन्नता ही फुकट मिळत नाही. तिची किंमत बोलणाऱ्याला स्वतःला उघडे करून द्यावी लागते.

कॅमेरा सुरू करा, असे अध्यापक म्हणतात तेव्हा त्यांना चेहरा हवा असतो. परंतु कॅमेरा चेहऱ्याबरोबर घरही दाखवितो. एका खोलीत पाच माणसे, मागे चूल, कडेला जाळ्यांची गाठोडी, मध्येच डोकावणारे लहान भावंड, आणि हे सारे पाहणारे साठ सहाध्यायी, ज्यांच्यापैकी काही बोईसरच्या नव्या वसाहतींतील स्वतंत्र खोलीतून बोलत असतात. वर्गात बाकावर बसल्यावर सर्वांना जी एक समान पार्श्वभूमी लाभते, ती येथे नाहीशी होते. या संकोचाला उदासीनता म्हणणे मला मान्य नाही. आवाजाची गोष्टही अशीच आहे. घरी मांगेली, वाडवळी किंवा वारली बोली, शाळेत प्रमाण मराठी आणि महाविद्यालयात इंग्रजी अशा पायऱ्या चढत आलेल्या मुलाला, माईक सुरू करून सर्वांदेखत इंग्रजीत प्रश्न विचारणे म्हणजे विषयाच्या परीक्षेआधी भाषेची परीक्षा देणे होय. आणि जे विचारावयाचे त्यापेक्षा ते कसे विचारले गेले याची आठवण वर्गाला अधिक काळ राहते हे त्याला अनुभवाने ठाऊक असते. म्हणून व्याख्यान संपताना "काही शंका?" असे विचारले की पडदा निःशब्द राहतो, आणि मग पाच मिनिटांनी एखादा निरोप येतो: "सर, पर्सनलला विचारू का?"

माझ्या मते, ऑनलाइन शिक्षणातील विद्यार्थ्याची सारी मागणी या एका निरोपात आहे. त्याला अधिक चकचकीत साधन नको आहे. त्याला अशी जागा हवी आहे की जेथे प्रश्न चुकीचा ठरला तरी त्याला लाजावे लागणार नाही, जेथे तो आपल्या मराठीत, बहुधा रोमन अक्षरांत टंकलेल्या का होईना, पण आपल्या मराठीत विचारू शकेल, आणि जेथून उत्तर येईल याची त्याला खात्री असेल. या तीन गोष्टींपैकी तिसरी मला सर्वांत मोलाची वाटते. उत्तर तत्काळ यावे अशी अपेक्षा या मुलांची असते असा जो समज आहे तो अर्धवट आहे. उत्तर येणार किंवा नाही हेच ठाऊक नसते, म्हणून ती मुले उतावीळ होतात, आणि एकच निरोप तीन जणांना पाठवितात. परवापर्यंत उत्तर येईल असा भरवसा असला तर त्यांची परवापर्यंत थांबण्याची तयारी असते.

'स्वयम्'च्या रचनेत व्याख्यान, वाचनसामग्री आणि स्वयंचाचणी यांच्या जोडीला शंकासमाधानासाठी चर्चेची सोय हे चौथे अंग म्हणून आवर्जून घातलेले आहे. योजना आखणाऱ्यांनी ही गरज ओळखली होती याचे श्रेय त्यांना दिले पाहिजे. परंतु हजारोंनी नोंदविलेल्या अभ्यासक्रमात, सर्वांना दिसेल अशा ठिकाणी, बहुतेक इंग्रजीत चाललेल्या चर्चेत दांडीचा विद्यार्थी बोलत नाही. तो वळतो आपल्या वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपकडे. आणि त्या ग्रुपविषयी तक्रार करण्यापूर्वी हे कबूल केले पाहिजे की टाळेबंदीच्या काळात पुष्कळांचे शिक्षण जे काही तगले ते त्याच्यामुळे. ज्याच्याकडे डेटा उरला नाही त्याला दुसऱ्याने वहीच्या पानाचे छायाचित्र पाठविले, जिला इंग्रजी धडा कळला नाही तिला मैत्रिणीने बोलीभाषेत आवाजी निरोपाने समजावला. मूर यांनीच विद्यार्थी-विद्यार्थी संवादाला अध्यापकाशी होणाऱ्या संवादाइतकेच स्वतंत्र स्थान दिले आहे, आणि तो संवाद येथे कोणाच्याही आज्ञेवाचून घडला.

मात्र याच ग्रुपची मर्यादाही त्याच वर्षी दिसली. अंतिम वर्षाच्या परीक्षा होणार की नाहीत याबद्दल विद्यापीठ अनुदान आयोगाच्या ६ जुलै २०२० च्या मार्गदर्शक सूचना एक सांगत होत्या, राज्य शासनाचा कल दुसरीकडे होता, आणि सर्वोच्च न्यायालयाने २८ ऑगस्टला निकाल देईपर्यंत महाराष्ट्रातील विद्यार्थी जवळजवळ दोन महिने अधांतरी राहिले. त्या काळात अधिकृत परिपत्रक संकेतस्थळावर इंग्रजीत असे आणि अफवा हातातील फोनवर मराठीत असे. यांपैकी काय आधी पोहोचणार हे सांगावयास नको. तेव्हा विद्यार्थ्यांना जे जवळचे वाटते ते सर्वस्वी त्यांच्यावर सोपवून द्यावे असे मी म्हणत नाही. अधिकृतता आणि जवळीक या दोन गुणांची फारकत होऊ देणे हा संस्थांचा दोष होता, आणि तो दूर करणेही त्यांच्याच हाती आहे.

पसंती ही विषयागणिक आणि प्रसंगागणिक बदलते, हेही येथे नमूद करावयास हवे, कारण एकच साधन सर्वांना आणि सर्व कामांना लागू करण्याची दफ्तरी वृत्ती फार बळकट असते. हिशेबशास्त्राच्या ताळेबंदात चूक कोठे झाली हे कळण्यास वहीच्या छायाचित्रावर केलेली एक खूण पुरते; तर्कशास्त्रातील एखादा मुद्दा दोन मिनिटांच्या आवाजी निरोपात जितका उलगडतो तितका दोन पाने लिहून उलगडत नाही; वेळापत्रक लेखीच हवे; आणि विद्यार्थी नापास झाला असेल, घरी कोणी दगावले असेल, किंवा फी भरता येत नसल्याने तो शिक्षण सोडण्याच्या विचारात असेल, तर त्याला निरोप पुरत नाही, माणूस लागते. मुलींच्या बाबतीत आणखी एक गुंता आहे. घरात फोन एकच असतो आणि तो सर्वजण पाहतात. पुरुष अध्यापकाचा रात्री आलेला खाजगी निरोप, तो मागणी-पुरवठ्याच्या आलेखाविषयी का असेना, तिच्या शिक्षणालाच अडसर ठरू शकतो. तिच्यासाठी खाजगी मार्ग म्हणजे सरांचा वैयक्तिक क्रमांक नव्हे. महाविद्यालयाच्या नावाने असलेले, विषयाच्या विभागाकडून चालविले जाणारे आणि घरातल्यांनाही निःशंकपणे दाखविता येईल असे खाते हाच तो मार्ग होय.

आता अध्यापकांची बाजू. ती मांडल्यावाचून ही कैफियत एकतर्फी होईल. मध्यरात्री येणारे निरोप, सुट्टीच्या दिवशी येणारे निरोप, एकच प्रश्न वीस जणांकडून, आणि स्वतःचा क्रमांक शेकडो अनोळखी फोनांत नोंदलेला. विशेषतः अध्यापिकांना याचा जो त्रास झाला तो क्षुल्लक नव्हता. आयोगाच्या २०१८ च्या विनियमांप्रमाणे सहायक प्राध्यापकाने आठवड्यास १६ तास प्रत्यक्ष अध्यापन करावयाचे असते. शंकांना लिहून दिलेली उत्तरे या १६ तासांत मोजली जात नाहीत. जे अध्यापक तासिका तत्त्वावर नेमलेले असतात, आणि ग्रामीण महाविद्यालयांचा गाडा पुष्कळ ठिकाणी त्यांच्याच खांद्यावर असतो, त्यांना तर घेतलेल्या तासापलीकडे कशाचाच मोबदला नाही. अशा माणसाने रात्री दहा वाजता एखाद्या मुलाला वहीतील चूक दाखवून दिली तर ते त्याचे औदार्य होय. परंतु शिक्षणाची व्यवस्था औदार्याच्या भरवशावर चालविणे योग्य नाही. मला जी सुधारणा तातडीची वाटते ती म्हणूनच साधनांची नसून हिशेबाची आहे. शंकेचे उत्तर देणे हे अध्यापन मानावे, त्यासाठी आठवड्याचे निश्चित तास कार्यभारात धरावे आणि तासिका तत्त्वावरील अध्यापकांना त्या तासांचे वेतन द्यावे. हे होत नाही तोवर विद्यार्थ्यांच्या पसंतीची कितीही सर्वेक्षणे केली तरी ती कपाटातच राहतील.

या जिल्ह्याला असा विचार परका नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र स्थापन केले आणि १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेले; अनुताई वाघ यांनी तेथे आपले उभे आयुष्य वेचले. आदिवासी पाड्यांवरील मुले शाळेत येत नाहीत हे पाहून त्यांना दोष देत बसण्याऐवजी या दोघींनी शाळाच पाड्याच्या अंगणात नेली, तीच अंगणवाडी; आणि जी मुले दिवसभर गुरे राखीत त्यांच्यासाठी कुरणावर शाळा भरविली, ती कुरणशाळा. मुलाचा वेळ, त्याची जागा आणि त्याची बोली यांना शिक्षणाच्या आड येणारे विघ्न न मानता शिक्षणाची पूर्वअट मानण्याचे धैर्य त्यांनी दाखविले. त्याचबरोबर त्यांनी मुलाला होता तेथेच ठेवले नाही, हेही तितकेच खरे. विद्यार्थ्याची पसंती मान्य करून तिच्यावाटे त्याला पुढे नेणे हे महाविद्यालयाचेही काम आहे. "सर, हे समजलं नाही" एवढेच लिहिणाऱ्या मुलाला, काय समजले, कोठवर समजले आणि कोठे अडले हे चार वाक्यांत लिहिण्यास शिकविले पाहिजे. नेमका प्रश्न लिहिता येणे ही पदवीधराची एक प्रमुख योग्यता आहे, आणि खाजगी लेखी निरोप हा, नीट वापरला तर, तिच्या अभ्यासाचा उत्तम आखाडा ठरेल. सत्राअखेर तोच विद्यार्थी चारचौघांत माईक सुरू करून विचारू लागेल अशी आशा मी बाळगतो, पण ती पहिल्या दिवसाची अट असू नये.

पालघर आणि बोईसर येथील महाविद्यालयांनी प्रत्येक ऑनलाइन विषयाच्या पहिल्या पानावर, मराठीत, एवढे छापावे: शंका कोणत्या खात्यावर पाठवावी, ती मराठीत चालेल, उत्तर किती दिवसांच्या मुदतीत मिळेल आणि त्या मुदतीत न मिळाल्यास कोणाकडे दाद मागावी. मुदत पाळली गेली की नाही याची नोंद विभागाने ठेवावी, आणि ती विद्यार्थ्यांना पाहण्यास खुली असावी. 'स्वयम्'वरील विषय घेणाऱ्यांसाठी महाविद्यालयातील एका अध्यापकाकडे ही जबाबदारी नावानिशी सोपवावी, म्हणजे दूरच्या व्याख्यात्याचे शिकविणे आणि जवळच्या अध्यापकाचे समजावणे यांची सांगड बसेल. प्रत्यक्ष भेटीचे दिवसही ठेवावेत, कारण ज्यांना निरोप पुरत नाही असे प्रसंग येणारच. मात्र ते ठरविताना भिंतीवरील दिनदर्शिकेतील तिथी पाहाव्यात. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा सत्रारंभीची पहिली भेट त्या काळात घेणे किनाऱ्यावरील मुलांना सहज जमेल. पुढील भेटी अष्टमीच्या आसपास, भांगाच्या दिवसांत ठेवाव्यात, आणि कारखान्यातील मुलांसाठी प्रत्येक भेट पाळीनुसार दोन वेळा घ्यावी. दांडी, मुरबे आणि सातपाटी येथील दोन-तीन विद्यार्थ्यांना बोलावून घेतले तर वर्षभराच्या तारखांचा असा मसुदा ते एका दुपारी लिहून देतील.